यात मशीन कुठंय?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनातला तो प्रसंग आठवला की अजून डोक्यात तिडीक जाते. माझ्या नववीतल्या विद्यार्थिनीनं टेबलावर वाळक्या शेवाळाच्या पुड्या मांडल्या होत्या. परीक्षक आले आणि म्हणाले, "यात मशीन कुठंय?" तिनं ड्रॉपर उचलला आणि विहिरीच्या कठड्यावरून आणलेल्या काळपट खपलीवर पाण्याचे थेंब सोडले. आत वळलेली बारीक पानं बघता बघता उलगडली, खपली हिरवी झाली. हायोफिला नावाचं हे मॉस आपल्याकडे जुन्या भिंतींवर सर्रास उगवतं. ती सांगू लागली, "सर, याला खरी मुळं नसतात, पानावर मेणाचा जाड थर नसतो. पाऊस आणि धूळ हे थेट अंगावर घेतं. त्यातलं शिसं, कॅडमियम..." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "शेवाळ म्हणजे भिंत साफ ठेवली नाही, एवढंच." आणि पुढच्या टेबलाकडे वळले. खपलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. नंबर गेला याचं मला काही नाही. पण पोर हातात ड्रॉपर धरून उभी होती, तिचं ऐकायला दोन मिनिटंही लागली नसती.

मॉसवरून हवेतले धातू ओळखायची ती कल्पना काही तिच्या डोक्यातलं खूळ नव्हतं. स्वीडनमध्ये रूलिंग आणि टायलर यांनी १९६०च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत वापरली. १९९० पासून युरोपातले अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून त्यातले धातू मोजतात. अमेरिकेत पोर्टलंड शहरात वनखात्याच्या संशोधकांनी ३४६ ठिकाणच्या झाडांवरचं मॉस तपासलं आणि रंगीत काच बनवणाऱ्या कारखान्यांभोवती कॅडमियम सापडलं. २०१६ मध्ये ही गोष्ट बाहेर आली, तेव्हा सरकारला हलावं लागलं. भारताच्या २००९ च्या हवेच्या मानकांत शिसं, आर्सेनिक, निकेल आहेत; कॅडमियम नाहीच. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात अमरावती आणि अकोला ही शहरं आहेत. आमच्या चांदूर रेल्वे तालुक्यातून कोळशाच्या मालगाड्या जातात, हंगाम संपला की कापसाच्या पऱ्हाट्या पेटतात, पण इथली हवा मोजायला कोण येणार?

नमुने आम्ही नीट घेतले होते. युरोपातला नियम असा, की मोठ्या रस्त्यापासून आणि वस्तीपासून ३०० मीटर दूर जायचं, झाडाच्या घेरापासून ३ मीटर, हातमोजे घालायचे, एका जागेचे पाच ते दहा तुकडे एकत्र करायचे. म्हणून गावाबाहेरच्या शेतातल्या विहिरी धरल्या. एका विहिरीवर म्हातारी मालकीण म्हणाली, "काहाले खरवडता वं पोरी? पाय घसरते म्हणून मीच काढून टाकणार होती." सगळं ऐकल्यावर तिनंच मागच्या पडक्या भिंतीवरचं दाखवलं.

आता एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे. परीक्षकांचा प्रश्न तितका वाईट नव्हता. आमच्याकडे आकडा नव्हता. एका प्रयोगशाळेला विचारलं, तर प्रत्येक धातूची वेगळी फी आणि वर संस्थेचं पत्र हवं. शिवाय वऱ्हाडातलं मॉस पावसाळा सरला की सुकतं, बुटकं असतं आणि त्यात भिंतीचा चुना, विटेची माती मिसळलेली असते. मग धातू हवेतून आला की विटेतून, हे कसं सांगणार? वेल्समध्ये १९७१ साली गुडमन आणि रॉबर्ट्स यांनी धुतलेलं मॉस जाळीच्या पिशवीत भरून टांगलं होतं. आपल्या मुलखात तेच जास्त बरं. शिक्षकांनी करायचं असेल तर पिशव्याच टांगाव्यात, आणि एक पिशवी मालखेडच्या जंगलात तुलनेसाठी ठेवावी.

पण पिशव्या टांगल्या तरी मोजणार कोण? ज्या महाविद्यालयांत धातू मोजायचं यंत्र आहे, त्यांनी वर्षातून एक दिवस शाळांचे नमुने फुकट तपासावेत, असं मला वाटतं. पोरीची यंदा दहावी आहे. तिनं या प्रयोगाचं पुन्हा विचारलं तेव्हा 'आधी अभ्यास कर' असं मीच सांगून बसलो. ते शब्द तोंडून निघाले खरे, पण मला पटलेले नाहीत.