गोदाकाठची दोन बिऱ्हाडं

छत्रपती संभाजीनगरहून अंधारातच निघालो. लासूर, वैजापूर, येवला मागे टाकून निफाड तालुक्यातल्या चापडगावला पोहोचलो, तेव्हा आश्विनाचं ऊन चटके देऊ लागलं होतं. गोदावरी-कादवेच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा जलाशय 1986 पासून अभयारण्य आहे, 2020 मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. लोक इथं पक्षी पाहायला येतात. मला ओढ होती पाणमांजराची. इथून सुटलेलं पाणी पैठणच्या नाथसागरात उतरतं आणि आमच्या शहराच्या नळांना येतं. त्या पाण्यात वरच्या अंगाला कोण नांदतं, ते पाहायचं होतं.

आधी भेटली घोरपड. बांधावरच्या दगडावर चांगली तीन-साडेतीन फुटांची, ऊन खात पसरलेली. दुभंगलेली जीभ सारखी आतबाहेर. वास ती जिभेनंच टिपते. चाहूल लागताच पाण्यात सरकली आणि पाय अंगाशी घेऊन नुसत्या शेपटीच्या वळशांनी पलीकडे गेली.

नाव वल्हवणाऱ्या भोईमामांना विचारलं, "मामा, पाणमांजर दिसतं का?"

"दिसतं की कधीमधी. जाळं फाडून मासं नेतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

त्यांनी पाणकणसाआडचा खडक दाखवला. त्यावर विष्ठा, तिच्यात चकाकणारे खवले, खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि माशांचा उग्र दर्प. शेजारच्या चिखलात पाच बोटांचा ठसा, बोटांमध्ये पडद्याची पुसट खूण. प्राणी मात्र दिसला नाही.

घोरपड उन्हावर अंग तापवते, म्हणून थोडक्यात भागवते. बेडूक, उंदीर, किडे, अंडी, मिळेल ते खायचं. अंडी बिळात नाहीतर वारुळात घालायची. दुष्काळी मराठवाड्यात ती टिकली ती यामुळेच. खरा धोका माणसाचा: तेलासाठी, कातड्यासाठी आणि 'हत्ताजोडी' नावाच्या भोंदूगिरीसाठी तिला मारतात. ही हत्ताजोडी वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाते, पण असतं नर घोरपडीचं जननेंद्रिय. हा धंदा करणाऱ्यांना दयामाया दाखवू नये.

पाणमांजराचा संसार खर्चिक. रक्त उष्ण, अंगावर सीलसारखा चरबीचा थर नाही. दाट लव हवा धरून ठेवते, तेवढीच ऊब. दहा किलोच्या जिवाला रोज किलोभर मासे लागतात, शिवाय बिळासाठी शाबूत काठ. वाळू उपसली, काठ ढासळला, पाण्यात मळी सोडली, की घोरपड शेतात शिरून निभावते. पाणमांजराला जायला जागाच नाही. नाथसागर किती टक्के भरला, हे आम्ही रोज विचारतो. त्या पाण्यात पाणमांजर जगेल का, हेही विचारायला हवं.

"थंडी पडली की या," मामा म्हणाले, "तेव्हा पिल्लं घेऊन हिंडतात."

मी जाणार आहे.