रजबची वाट

नव्या वर्षाचे कॅलेंडर हातात आले की लोक सुट्ट्या मोजतात. आम्ही आधी रजब कुठे पडतो ते पाहतो. रजबमध्ये मिरजेला मीरासाहेबांचा उरूस भरतो आणि त्या उरसातच, दर्ग्याच्या आवारात, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या नावाची संगीत सभा होते. तिकीट नाही, पास नाही, मानाची खुर्ची नाही. सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसायचे आणि रात्र काढायची.

आम्ही म्हणजे चौघे. बी.एड.ला एका वर्गात होतो, आता चौघेही उर्दू शाळांत मास्तर. दोघे सोलापूरचे, एक पंढरपूरचा, एक जतचा. मास्तरकीची सवय अशी की एकमेकांना नावाने हाक मारतच नाही. ‘जत के सर’, ‘पंढरपूर के सर’, असेच चालते.

पहिल्यांदा गेलो ते २०१३ साली. जूनचा पहिला आठवडा, पावसाची भुरभुर. खरे सांगायचे तर गाणे ऐकायला गेलोच नव्हतो. नोकरी लागावी म्हणून फूल-चादर चढवायला गेलो होतो. जियारत झाली, पाळणे पाहून झाले, गाडी सकाळची होती. रात्र काढायला जागा हवी म्हणून सभेच्या सतरंजीवर टेकलो. राग कुठला, ताल कुठला, काही कळत नव्हते. एक बाई गात होत्या आणि एकाच सुरावर इतका वेळ थांबल्या की आमच्यातल्या एकाने श्वास रोखून धरला. तो जतचा. कान त्याचाच होता. बी.एड.च्या वर्गात नात म्हणायचा तेव्हा शेजारच्या वर्गातले प्राध्यापक दारात येऊन उभे राहत.

शेजारी एक म्हातारे चाचा बसले होते. तंबोरे करणारे. आमची अडाणी कुजबूज ऐकून म्हणाले, “बेटा, राग मत ढूँढो. पहले तंबोरा सुनो.” त्या रात्रीपासून दोस्ती झाली. दर साली आधी त्यांच्या दुकानात जायचे, चहा प्यायचा, मग दर्ग्यात.

मिरजेत शिकलगार घराणी पूर्वी हत्यारांना धार लावीत. हत्यारांचे दिवस सरले तसे त्यांतल्या फरीदसाहेबांनी १८५० च्या सुमारास तंतुवाद्ये करायला घेतली, असे सांगतात, आणि पुढे गल्लीच सतारमेकरांची झाली. चाचांच्या दुकानात छताला भोपळे टांगलेले. हे भोपळे पंढरपूरकडच्या भीमाकाठच्या गावांतून येतात. ते कळल्यापासून आमचे पंढरपूरचे सर असे काही ऐटीत बसतात की जणू तंबोरा त्यांनीच पिकवला! भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून आकाराला आणायचा, मग तुणीच्या लाकडाची दांडी. पण सारा जीव जवारीत. घोडीवर कानस किती फिरवायची आणि तारेखाली दोरा कुठे सरकवायचा, हे कानाने ठरते, फूटपट्टीने नाही. खाँसाहेब स्वतः जवारी लावण्यात उस्ताद होते, हे चाचा दर वर्षी नव्याने सांगायचे आणि आम्ही दर वर्षी नव्याने ऐकायचो.

खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे, आयुष्य काढले मिरजेत. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका छोट्या स्टेशनवर त्यांचा इंतकाल झाला. मय्यत मिरजेला आणली आणि याच दर्ग्यात दफन केली. त्यांचे शागीर्द रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शागीर्द भीमसेन जोशी आणि गंगूबाई हनगल. हे दोघेही इथे येऊन गाऊन गेले. वर्गात ‘कौमी यकजहती’वर निबंध लिहून घेताना आमची मुले तीच ती घोटलेली वाक्ये लिहितात. त्यांना एकदा या सतरंजीवर आणून बसवावे असे फार वाटते, पण सहलीच्या परवानगीचे कागद कोण करणार!

रजब दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतो. त्यामुळे एकच उरूस आम्ही पावसात पाहिला, मे महिन्याच्या उकाड्यात पाहिला. एप्रिलमध्ये आला तेव्हा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधून नेला. दोन गायकांच्या मधल्या वेळात, मंडपाच्या दिव्याखाली, भूगोलाचे पेपर तपासले. एका पोराला दोन मार्क जादा गेले असतील तर त्याचे श्रेय भैरवीला.

२०१८ च्या उरसाआधी जतच्या सरांचा फोन आला. “मैं नहीं आता.” जमातीत जाऊ लागले होते. गाणेबजावणे सोडले, मोबाइलमधली गाणीही काढून टाकली. आम्ही समजावायला म्हणून बसलो आणि भांडून उठलो. ते म्हणाले, “कल अल्लाह पूछेगा तो तुम जवाब दोगे क्या?” आमच्यातला एकजण बोलून गेला, “तुमको सुर भी अल्लाहनेच दिया ना? उसका हिसाब?” बोलणे खरे होते की नाही ते जाऊ द्या, पण ते टोमण्याच्या सुरात बोलले गेले. त्यानंतर ईदचे मुबारक तेवढे उरले. उरसाला आम्ही तिघे जात राहिलो. सतरंजीवर चौथ्याची जागा सवयीने ठेवायचो, कुणीतरी अनोळखी येऊन बसायचा.

२०२० साली रजब मार्चमध्ये आला आणि सोबत करोना. आम्ही घरीच. पुढच्या साली, दुसऱ्या लाटेत, आमच्यातल्या एकाचे वालिद गेले. आम्ही कब्रस्तानात लांब उभे होतो. दफन करणाऱ्या पोरांत सगळे पांढऱ्या किटमध्ये, चेहरा कुणाचाच दिसत नव्हता. त्यांतल्या एकाने दुआ सुरू केली आणि आम्ही तिघांनी एकदम एकमेकांकडे पाहिले. जतहून सोलापूरपर्यंत मोटरसायकलवर आले होते. काही बोलणे झाले नाही. बोलायची वेळही नव्हती.

२०२५ साली उरूस जानेवारीच्या अखेरीस, थंडीत. जतचे सर आले. स्टेशनवरच सांगून टाकले, “जियारत करूँगा. सभा में नहीं बैठता. तुम बैठो, मैं चाचा के पास रुकता.” आम्ही हो म्हणालो. एवढी सालं लागली तेवढे म्हणायला.

चाचा आता फार थकलेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याबद्दल मुबारक दिली तर म्हणाले, “मानांकन मिला, काम सीखने को लडका मिलता क्या देखो.” सभेला जायची ताकद त्यांच्यात राहिली नाही. आम्ही तिघे निघालो. पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर शाली दुकानातच राहिल्याचे ध्यानात आले आणि मागे फिरलो.

चाचा घोडीवर कानस फिरवत होते. फिरवायची, फुंकर मारायची, तार छेडायची. जतचे सर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले, हातात तसबीह. चाचांनी पुन्हा तार छेडली आणि आमच्याकडे न पाहताच विचारले, “अब ठीक है?”

आम्ही तिघेही गप्प. आमच्यापैकी कुणाला कळणार!

“थोडा उतरा हुआ है,” जतचे सर म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

चाचांनी खुंटी पिळली.