अडकलेलं चाक

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगा एकदमच फुगल्या. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, पाणी 57 फुटांच्या वर गेलं. आमचं गाव शिरोळ तालुक्यात, दोन्ही नद्यांच्या बेचक्यात. 2005 च्या पुरात पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागून परतलं होतं. त्या हिशेबानं आण्णा थांबले आणि फसले. नावेत बसायच्या आधी दोन्ही म्हशींची दावी त्यांनी स्वतः कापली. त्यातली एक परत आली नाही. जुनी मारुती आठशे कडुलिंबाखाली तशीच राहिली, नऊ दिवस पाण्यात.

पूर ओसरल्यावर आण्णांचं बोलणंच आटलं. ऊस कुजला होता, घरात गुडघाभर चिखल होता आणि ते कट्ट्यावर बसून राहायचे. गाडीचा विषय काढला की एकच उत्तर, "घाल भंगारात."

मला ते पटेना. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला येणार होती, मिरजेच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. रात्री-अपरात्री गावात वाहन कुठून आणणार? इंजिन खोलून, पुसून, ऑइल बदलून चालू करून घेतलं. पण गाडी ढकलली की मागचं डावं चाक फिरायचं नाही, नुसतं फरफटायचं.

दिवाळीच्या सुट्टीत मीच हात घातला. स्प्लिट पिन काढली, पान्याला पाईप लावून नट सोडवला आणि काढून बाजूला ठेवला. मग हातोडा घेतला. तासभर ठोकून ड्रम केसभर हलला नाही. उलट एक घाव चुकून स्पिंडलच्या टोकावर बसला आणि आटे दबले. मुकाट्यानं मिस्त्रींना बोलावून आणलं.

मिस्त्रींचं गॅरेजही पुरात गेलेलं. सगळी हत्यारं त्यांनी डिझेलच्या डब्यात बुडवून, घासून पुन्हा उभी केली होती. आटे बघून ते म्हणाले, "गुरुजी, नट पुरा काढायचा नसतो. टोकाबरोबर ठेवायचा. आटं बी वाचत्यात आन् ड्रम सुटून अंगावर बी येत न्हाई."

तिकोनी कानशीनं त्यांनी आटे नीट केले आणि नट टोकापर्यंत परत चढवला. गाडी नुसत्या जॅकवर होती, तिच्याखाली लाकडी ओंडके सरकवले. हँडब्रेक सैल केला, कारण लायनरच गंजून ड्रमला चिकटले होते. ड्रम बिडाचा. कडेवर घाव घातला तर टवका उडणार, म्हणून बोल्टांच्या मधल्या जागेवर, लाकडाचा ठोकळा धरून, चौफेर हलक्या हातानं ठोकलं. मग डिझेलमध्ये थोडं इंजिन ऑइल मिसळून स्पिंडलच्या फटीत सोडलं, लायनरकडे जाऊ दिलं नाही, आणि घरी निघाले.

"एवढंच?" मी विचारलं.

"तीन महिनं गंज आत शिरतोय. लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागती, म्हणून तो आवळून धरतोय. त्याला रात्र तरी द्या की."

दुसऱ्या दिवशी पुलर लावला. बोल्ट आवळला, डोक्यावर हातोडीचा एक टोला, पुन्हा आवळला. ड्रम ढिम्म. मिस्त्रींनी ताण तसाच ठेवला आणि म्हणाले, "समोर कुणी बसू नका. चला, भाकरी खाऊ." आम्ही ताटावर असताना अंगणातून 'टक्' असा आवाज आला. मिस्त्री घास चावता चावता हसले.

ड्रम निघाला, पण बेअरिंग फुटून. छर्रे अंगणभर पळाले. ग्रीसच्या जागी लाल चिखल होता. आतल्या बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवरच राहिली आणि बाहेरची रिंग ड्रममध्ये. लायनरची धूळ मी फुंकायला गेलो, तर मिस्त्रींनी हात धरला. ओल्या फडक्यानं पुसायला लावली.

आतली रिंग त्यांनी ग्राइंडरनं कापली, पण पूर्ण नाही. स्पिंडलला पातं लागलं तर स्पिंडलच गेला. थोडी जाडी राखून थांबले आणि त्या चिरेत छिन्नीचा एक घाव घातला. रिंग तडकून सैल झाली.

ड्रममधली रिंग मात्र हटेना. मिस्त्री वेल्डिंगवाल्याकडे जायचं म्हणत होते, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "धाव कशी चढवत्यात ठावं हाय का?"

आण्णा कधी येऊन उभे राहिले होते, कळलंच नाही.

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना ती जाळात तापवतात. तापून मोठी झाली की लाकडी चाकावर बसवतात आणि पाणी मारतात, मग ती आवळते. आण्णांचं गणित तेच होतं. बाहेरचा ड्रम तापवायचा, आतली रिंग गार ठेवायची. त्यांनी गोवऱ्या रचल्या, पेटवल्या आणि ड्रम वर ठेवला. "लाल करायचा न्हाई. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की बास." तसा तो उडाल्यावर रिंगच्या आत ओल्या फडक्याचा बोळा दाबला. थंड पाणी ओतलं असतं तर बीड तडकलं असतं. ड्रम उपडा करून मिस्त्रींनी पितळी दांड्यानं दोन टोले दिले आणि रिंग मातीत पडली.

"आण्णा, तुम्हीच मिस्त्री," मिस्त्री म्हणाले. पुरानंतर मी आण्णांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

नवी बेअरिंगं शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली होती, आमचा फ्रीज पुरात गेला होता. गरम ड्रममध्ये गार बेअरिंग सहज उतरलं. राहिलेलं अंतर जुनी रिंग वर ठेवून ठोकलं, तेही फक्त बाहेरच्या रिंगवर. घाव छर्ऱ्यांवर गेला तर नवं बेअरिंग बसवतानाच खराब होतं. मग ताजं ग्रीस, नट आणि नवी स्प्लिट पिन.

जानेवारीत एका रात्री दोन वाजता बहिणीच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी गाडी काढली. आई तिला धरून मागं बसली. आण्णा पुढं बसले आणि थंडीतही काच खाली करून मागच्या चाकाकडे कान लावून राहिले. मिरजेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

बहिणीला आत नेलं. मी गाडी लावून आलो, तर आण्णा मागच्या चाकाशी वाकले होते. ड्रमच्या मधोमध तळहात ठेवून थोडा वेळ थांबले.

"गार हाय," म्हणाले आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढू लागले.