घर कौन्सिलचं, जीव आपला

लंडन, जानेवारी २०२६

प्रिय छोटी,


नव्या घराचे फोटो पाहिले. नववा मजला, भरपूर उजेड, लेकीला स्वतःची खोली. खासगी घरमालकांच्या खोल्या बदलून बदलून दमलेल्या माणसाला कौन्सिलच्या घराची किल्ली हातात आली की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. पण फोनवर तू जाता जाता जे बोललीस, ते काही डोक्यातून जात नाही. लेकीच्या खोलीच्या कोपऱ्यात बुरशी धरलीय, पण आत्ताच तर घर मिळालंय, लगेच तक्रार करून वाईटपणा कशाला घ्यायचा, असं म्हणालीस.

वाईटपणा घे. हे पत्र त्यासाठीच लिहितेय.

आपली माणसं इथे फार मिंधी होऊन राहतात. सरकारने घर दिलं म्हणजे उपकारच केले, असं धरून गळकं छप्पर आणि थंडगार रेडिएटर मुकाट सोसतात. अगं, तू भाडं भरतेस. इमारतीचा सांगाडा, छप्पर, नळ, गॅस, वीज, हीटिंग हे सगळं दुरुस्त ठेवणं १९८५ च्या भाडेकरू कायद्याने घरमालकाला बंधनकारक आहे, आणि कौन्सिल हा तुझा घरमालकच आहे.

रॉचडेलच्या अवाब इशाकची गोष्ट तू ऐकली असशील. सुदानहून आलेल्या आईबापांचं हे पोर हाउसिंग असोसिएशनच्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहत होतं. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली, तर त्यांना वरून रंग मारून घ्या म्हणून सांगण्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये, दुसऱ्या वाढदिवसानंतर आठ दिवसांनी, श्वासाच्या त्रासाने अवाब गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने स्पष्ट सांगितलं, की घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्यामुळे त्याचा मृत्यू झाला. मला सगळ्यात लागलं ते पुढे बाहेर आलेलं. या कुटुंबाची राहणीच ओलीला कारणीभूत आहे, बादलीने अंघोळ करतात, असं त्या संस्थेने गृहीत धरलं होतं. बादलीने अंघोळ! आपल्या किती घरांना हे लागू पडेल, सांग बरं. आमच्याच इमारतीतल्या एका बाईला तपासणीला आलेल्या माणसाने ‘डाळ-भात कमी शिजवा, खिडक्या उघड्या ठेवा’ असं ऐकवलं होतं. बाहेरची भिंत पाणी पीत होती, तिकडे त्याने मान वर करून पाहिलंही नाही. तुला कुणी असं म्हणालं तर गप्प बसू नकोस. ओलीचं खापर भाडेकरूच्या राहणीवर फोडणं बंद करा, असं घरांच्या तक्रारी पाहणाऱ्या हाउसिंग ऑम्बुड्समनने २०२१ च्या अहवालात घरमालकांना बजावलेलं आहे.

त्या बाळाच्या नावाने कायदा झाला आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमध्ये लागू झाला. जिवाला तातडीचा धोका असेल तर चोवीस तासांत येऊन तो दूर करायचा. आरोग्याला गंभीर धोका असलेली ओल किंवा बुरशी असेल तर कामाच्या दहा दिवसांत तपासणी, ती संपल्यावर तीन दिवसांत तुला लेखी निष्कर्ष आणि पाच दिवसांत घर सुरक्षित करायचं. तेवढ्यात जमत नसेल तर त्यांच्या खर्चाने तुमची दुसरीकडे सोय लावायची. म्हणून फोनवर सांगून थांबू नकोस. ईमेल कर, फोटो जोड, लेकीचा खोकला कधीपासून आहे ते लिही, संदर्भ क्रमांक जपून ठेव. त्यांनी हयगय केली तर रीतसर तक्रार टाक. पहिल्या पायरीचं उत्तर कामाच्या दहा दिवसांत, दुसऱ्या पायरीचं वीस दिवसांत मिळायला हवं. त्यानेही भागलं नाही तर ऑम्बुड्समनकडे जाता येतं, पैसा लागत नाही. मात्र रागाच्या भरात भाडं थांबवू नकोस. थकबाकी झाली की घरच धोक्यात येतं.

तक्रार करणाऱ्याला कटकट्या ठरवण्याची किंमत काय होते, ते लंडनच्या ग्रेनफेल टॉवरने दाखवलं. १४ जून २०१७ च्या रात्री चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रिजपाशी आग लागली आणि नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या ज्वलनशील आवरणामुळे चोवीस मजली इमारत पेटली. ७२ माणसं गेली. तिथले रहिवासी आधीपासून धोक्याची ओरड करत होते, आणि व्यवस्थापन त्यांच्यातल्या काहींना भांडकुदळ समजत होतं. हे सगळे मृत्यू टाळता आले असते, असं चौकशीचे अध्यक्ष सर मार्टिन मूर-बिक यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. लोकांना घरातच थांबायला सांगण्यात आलं होतं आणि तो सल्ला मागे घ्यायला पहाटेचे पावणेतीन वाजले. तेव्हा तुझ्या इमारतीत आगीच्या वेळी घरात थांबायचं की उतरायचं, ते खालच्या लॉबीतल्या फलकावर आजच वाच. फलक नसेल तर लेखी विचार. स्वतःच्या घरात आग किंवा धूर असेल तर मात्र विचारत बसायचं नाही, दार ओढून घेऊन बाहेर पडायचं.

आता आपल्या हातातलं. फोडणीत मिरची पडली की स्मोक अलार्म कोकलतो, म्हणून आपल्यातले कितीतरी जण त्याची बॅटरी काढून ठेवतात नाहीतर त्याला प्लॅस्टिकची टोपी घालतात. हे करू नकोस. स्वयंपाकघरात धुराऐवजी उष्णतेवर चालणारा अलार्म बसवून मिळेल का ते कौन्सिलला विचार, फोडणी देताना पंखा लाव आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घे. आठवड्यातून एकदा बटण दाबून अलार्म तपास. देवापुढचं निरांजन तेवत ठेवून बाहेर जाऊ नकोस. घराच्या मुख्य दाराला वरच्या बाजूला दार आपोआप लावणारा जो क्लोजर असतो, तो दार जड जातं म्हणून कुणी काढायला सांगेल, ऐकू नकोस. ग्रेनफेलमध्ये असे क्लोजर तुटलेले किंवा नसलेले होते, आणि त्या दारांतून धूर जिन्यापर्यंत पोचला. चपलांचं कपाट आणि बाबागाडी दाराबाहेर ठेवायची आपली सवय सोड, ते सगळं आत घे. धुरात तिथेच माणूस अडखळतो.

गॅसची तपासणी दरवर्षी होते. त्या दिवशी रजा काढावी लागली तरी काढ, पण येणाऱ्याचं गॅस सेफचं ओळखपत्र पाहिल्याशिवाय आत घेऊ नकोस. १९६८ मध्ये तुझ्याच न्यूहॅममध्ये रोनन पॉइंटला एका बाईने पहाटे चहासाठी शेगडी पेटवली, साठलेल्या गॅसचा स्फोट झाला आणि बावीस मजली इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. इमारत जेमतेम दोन महिने वापरात होती. बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा. तोही कौन्सिलनेच द्यायचा असतो. तू स्वतः घेतलेल्या शेगडीची जबाबदारी मात्र तुझी. गॅसचा वास आला तर फोन करायचा ०८०० १११ ९९९ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव.

आणि तो बुरशीचा कोपरा पुसायच्या आधी फोटो काढ. ईमेल आज रात्रीच पाठव, मला प्रत दे. उत्तर नाही आलं तर पुढचं पत्र आपण दोघी मिळून लिहू.

तुझी,
मावशी