मागच्या खोलीतलं नेट



यंदा क्षमावाणीच्या दिवशी आमच्या घरी जे घडलं, ते म्हटलं तर वाय-फायचं, म्हटलं तर आमच्या दुर्लक्षाचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणींची घरं अशीच मोठी आणि जुनी आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सासूबाई ८७ वर्षांच्या. त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे बेळगावच्या अक्कांनी नव्वदी ओलांडली आहे. दोघींनाही आता प्रवास झेपत नाही. अक्कांना ऐकू फार कमी येतं. समोरच्याचे ओठ बघून त्या बोलणं ओळखतात, त्यामुळे त्यांच्याशी व्हिडिओ कॉलच करावा लागतो. त्या दिवशी सासूबाई हात जोडून "अक्का, वर्षभरात काही चुकलं असंल..." एवढंच म्हणाल्या आणि पडद्यावर अक्कांचा चेहरा थिजला. नंतर नुसतं चक्र फिरत राहिलं. तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा तेच. शेवटी फोन उशाशी ठेवत त्या म्हणाल्या, "राहू दे. पोचलं असंल तिला."

मी आपली नेहमीचं बोलून गेले, "आई, फोन जुना झालाय तुमचा." हे वाक्य मी वर्षभर म्हणत होते. त्या रात्री मात्र ते माझं मलाच टोचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन घेऊन मी सोप्यात गेले आणि पुण्याच्या मुलाला व्हिडिओ कॉल लावला. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ. म्हणजे फोनचा काही दोष नव्हता!

आमचं घर सांगलीजवळ. पुढे सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे परड्याकडची सासूबाईंची खोली. मधल्या दोन भिंती दगडमातीच्या, दीड-दोन फूट जाड. राउटर सोप्यात यांच्या अडतीच्या टेबलाजवळ, लोखंडी कपाटाच्या मागे. मी बी.कॉम. झालेली, आकडे मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. वही घेतली आणि फोनवरच्या स्पीड टेस्टने प्रत्येक खोलीत वेग मोजला. सोप्यात ९४ एमबीपीएस, माजघरात २२, स्वयंपाकघरात ५ आणि सासूबाईंच्या खोलीत कधी १, कधी काहीच नाही.

वहीतले आकडे बघून आमची पहिली चूक कळली. १० महिन्यांपूर्वी "नेट हळू आहे" म्हणून कंपनीच्या माणसाच्या सल्ल्याने आम्ही ५० चा प्लॅन १०० चा केला होता. करासह महिना २९५ रुपये जास्त, म्हणजे २,९५० रुपये गेले. पण प्लॅन वाढवला की राउटरपर्यंत येणारा वेग वाढतो, राउटरपासून पुढची भिंत काही पातळ होत नाही. टाकी भरलेली असली तरी मागच्या नळाची वाट बुजलेली असेल, तर दुसरी टाकी बांधून काय उपयोग?

मग आधी बिनपैशाचे उपाय केले. राउटर कपाटामागून काढून उंच, मोकळ्या फळीवर ठेवला. लोखंड, आरसा आणि पाण्याची टाकी लहरींना अडवतात. राउटरची दोन नावं दिसत होती, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. ५ वेगवान, पण भिंतीपाशी लवकर दमतं. २.४ हळू, पण लांब जातं. सासूबाईंचा फोन २.४ वर जोडला. स्वयंपाकघरात ५ चे १४ झाले, मागे मात्र जेमतेम ३, तेही टिकेनात.

दुसरी चूक माझी. मी एक्स्टेंडर मागवला आणि सासूबाईंच्या खोलीतच लावला. फोनवर रेघा पूर्ण दिसायच्या, पण चक्र फिरतच राहायचं. भाच्याने फोनवर समजावलं, "मावशी, त्याच्यापर्यंतच काही पोचत नाही, तर तो पुढे काय देणार? त्याला अर्ध्या वाटेवर ठेव." माजघराच्या दाराशी ठेवल्यावर मागे ८-९ मिळायला लागलं. व्हिडिओ कॉलला तेवढं पुरे, पण वेग मधेच पडायचा.

शेवटी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. सोप्यातून मागच्या खोलीपर्यंत माळ्यावरून कॅट-६ केबल ओढली. विजेच्या वायरपासून ती लांब ठेवली. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते, आम्हाला ३० पुरली. माळ्यावर पडलेला जुना राउटर तिच्या टोकाला जोडला. भाच्याने फोनवरून सांगितलं, तसं दोनच गोष्टी सांभाळल्या. केबल जुन्या राउटरच्या लॅनच्या खाचेत घातली आणि त्यातलं डीएचसीपी बंद केलं, कारण घरात प्रत्येक फोनला पत्ता वाटणारा एकच हवा. नाव आणि पासवर्ड पुढच्या राउटरचाच ठेवला. केबल, टोकं आणि मजुरी मिळून १,४०० रुपये लागले. मागच्या खोलीत ३८ आले! प्लॅन पुन्हा ५० वर आणला. एक्स्टेंडर शेजारच्या ताईंना दिला. त्यांच्याकडे मधे एकच भिंत आहे, तिथे तो छान चालतो. घरातली जुनी वस्तू न बघता नवी आणायची घाई, हाही परिग्रहच की!

क्षमावाणीला आठ दिवस उलटून गेल्यावर दोघी बहिणी पुन्हा समोरासमोर आल्या. सासूबाई सावकाश, ओठ स्पष्ट हलवत बोलल्या. अक्कांनी पलीकडून हात जोडले आणि दोघी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या. मी दारात उभी होते. फोन ठेवल्यावर मीही हात जोडले. म्हटलं, "आई, वर्षभर तुमच्या फोनला नावं ठेवली. चुकलं माझं."

त्या हसल्या. म्हणाल्या, "मला वाटायचं, मलाच बटण दाबता येत नाही."

हे ऐकून मात्र माझे डोळे भरले. राउटर पुरुषमाणसं बसतात तिथे, आणि आम्ही नेट तपासायचो तेही तिथेच. सगळ्यात मागे बसणारं माणूस तक्रार करत नाही, ते स्वतःलाच दोष देत राहतं. म्हणून मैत्रिणींनो, नेट मोजायचं असेल तर आधी घरातल्या शेवटच्या खोलीत जाऊन मोजा.

जय जिनेंद्र.