निधान

दिवाळीच्या सुट्टीत सुरतेला आत्याकडं जाणं झालं. खरं सांगायचं तर सहज म्हणून गेलो नव्हतो. आमचं बेळगावचं जुनं घर पाडून तिथं अपार्टमेंट उभं करायचं ठरलं होतं आणि कागदावर आत्याची सही हवी होती. तिचा जन्म त्याच घरातला. लग्न होऊन सुरतेला गेली, त्याला आता पन्नास वर्षं होतील. सही मागायची कुठल्या तोंडानं, हाच विचार करत मी गाडीत बसलो होतो.

अडाजणला पोचलो तेव्हा आतोबा परसात शेडखाली होते. समोर त्यांची जुनी शिडाची होडी. सोळा फुटी, फायबरची, पण काठाची पट्टी, बसायच्या फळ्या, सुकाणूचा दांडा सगळं सागवानी. आपण बेळगावकर समुद्रापासून लांबचे, त्यामुळं आतोबांचा हा नाद आमच्या घरी चेष्टेचाच विषय होता. ती चेष्टा 2006 साली थांबली. त्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीनं निम्म्याहून अधिक सुरत बुडवली. अडाजण, रांदेरचे तळमजले पाण्याखाली गेले. शीड काढून, बांबूनं ढकलत आतोबांनी याच होडीतून गल्लीत दूध, पाणी, औषधं पोचवली.

पुरानंतर मात्र होडी शेडखाली पडून राहिली ती राहिलीच. पॉलिश पोपडे धरून सुटलेलं, लाकूड राखेच्या रंगाचं. आतोबा पंचाहत्तरीचे, हात थोडा थरथरतो. म्हणाले, "बरं झालं आलास. दोन हात कमी पडत होते." सहीचा कागद बॅगेतच राहिला.

मला वाटलं, पटाशी घालायची, पट्टी उचकटायची. मी पटाशी लावली आणि दारातून आत्या ओरडली, "निधान रे, निधान!" पन्नास वर्षं गुजरातीत संसार केला, पण घाईच्या वेळी तिच्या तोंडून बेळगावचं कानडीच येतं. आतोबांनाही तो शब्द आता पाठ झालाय.

पट्टीवर एकही स्क्रू दिसत नव्हता. आतोबांनी बोट फिरवून दाखवलं. वीतभर अंतरावर रुपयाहून लहान गोल खुणा. स्क्रू खोल बसवून वर सागाचंच बूच मारलेलं. ते बूच टोकरून काढलं तर कडा फुटतात. म्हणून बुचात मधोमध बारीक भोक पाडायचं आणि त्यात दुसरा स्क्रू पिळत जायचं. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्यावर टेकलं की बूच आपोआप वर येतं. किती साधी युक्ती! जे पितळी स्क्रू जाम झाले होते, त्यांच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंगची कांडी धरली की जरा सैल पडत. काही तर हातातच तुटले. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि गुलाबीसर, ठिसूळ तांबं उरतं.

निघालेल्या प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर आतोबा पेन्सिलीनं आकडा घालत. उजवा एक, उजवा दोन, डावा एक. "सगळे सारखेच दिसतात, पण दुसऱ्याच्या जागी एकही बसत नाही," ते म्हणाले. खरंच, होडीच्या पोटाचा बाक प्रत्येक पट्टीनं आपल्या अंगात मुरवून घेतला होता.

मग घासणं. तारेचा ब्रश चालत नाही. तो लाकडाच्या मऊ रेषा खरवडून नेतो. आधी 80 नंबरचा पॉलिश पेपर, मग 120, मग 220, आणि हात नेहमी रेषांच्या दिशेनं. तोंडाला फडकं, कारण सागाची धूळ घशाला लागते. राखाडी थर अगदी पातळ निघाला. तो उन्हानं येतो. त्याच्याखाली मधासारखा रंग आणि तो ओळखीचा वास. सागात स्वतःचंच तेल असतं, म्हणून तो पाण्याला दाद देत नाही, पण त्या तेलामुळंच व्हार्निशही नीट धरत नाही. त्यासाठी आधी थिनरनं पुसून घ्यायचं, पहिला हात पातळ द्यायचा, आणि मग वाळू देत देत पाच-सहा हात.

काम करता करता आतोबा लवजी नसरवानजी वाडियांची गोष्ट सांगत. हे सुरतेचे पारशी सुतार 1736 साली इंग्रजांसाठी जहाजं बांधायला मुंबईला गेले. त्यांच्या घराण्यानं सागाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 सालचं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मी म्हटलं, इंग्रजांचा 'टीक' हा शब्दही आपल्या दक्षिणेतलाच. मल्याळममध्ये तेक्कु, कानडीत तेग. आत्या पटकन म्हणाली, "आपल्या दाराची चौकट तेगाचीच की! दांडेलीहून आणलेली."

आणि मग तिनंच विचारलं, "कागद आणलायस ना? दे, सही करते. पण चौकट कुठं ठेवणार?"

मला उत्तर नव्हतं. जुनं लाकूड कॉन्ट्रॅक्टरनं घ्यायचं, असं करारातच होतं. आम्ही ते वाचलंही होतं, पण त्यात ती चौकट येते हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शिवाय एक कबुली द्यायलाच हवी. त्या चौकटीला माझ्याच लग्नात मी हौसेनं हिरवा ऑइलपेंट फासला होता. आत्यानं त्यावर शब्द काढला नाही. सही केली आणि चहा ठेवायला आत गेली.

परत आल्यावर करारातलं ते कलम बदलून घेतलं. धाकटा भाऊ कुरकुरला. "फ्लॅटच्या दाराला ती बसणार आहे का?" त्याचं खरंच होतं. तुळया आणि खिडक्या गेल्या. चौकटीसाठी मात्र दोन दिवस मिळाले. कुरकुरत का होईना, भाऊच हातोडा घेऊन आला. मी पेन्सिल काढली, उजवा, डावा, वरचा असं लिहिलं आणि लाकडी खुंट्या एकेक करून मागून ठोकल्या.

वरचं लाकूड खाचेतून सुटलं तेव्हा आत, जिथं रंग कधी पोचलाच नव्हता, तिथं पटाशीनं कोरलेली खूण दिसली. खाचेच्या बाजूलाही तीच. दुसऱ्या सांध्यावर वेगळी. क्षणभर कळेना. मग भाऊच म्हणाला, "अरे, हे कानडी आकडे! बसच्या पाटीवर असतात ते." एक आणि दोन. आमच्या आजोबांच्या मराठी घराची चौकट कुण्या कानडी सुतारानं आकडे घालून जुळवली होती. त्याचं नाव आता कुणालाच सांगता येणार नाही.

माझ्या पेन्सिलीचे आकडे मी पुसून टाकले. गरज नव्हती.

चौकट सध्या भावाच्या शेडमध्ये आडवी ठेवली आहे. दर रविवारी हिरवा रंग थोडा थोडा काढतो. कुठं बसवायची ते अजून ठरलेलं नाही. फोटो पाठवला तेव्हा आत्याचा लगेच फोन आला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "निधान कर."

कानडीत निधान म्हणजे सावकाश. मराठीत निधान म्हणजे ठेवा. तिला यातलं कुठलं म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही.