लोकांचीं पोरें

आपल्या मुलांवर प्रेम करण्यास कोणाला शिकवावें लागत नाहीं. मांजरही आपलीं पिलें सात घरीं हिंडवून जपतें. माणसाची परीक्षा होते ती लोकांच्या पोरांशीं तो कसा वागतो यावरून; आणि या परीक्षेंत आम्ही गेल्या आषाढांत साफ नापास झालों. ती हकीकत सांगण्यांत भूषण नाहीं. पण आमच्याच बाकावर बसलेले पुष्कळ वाचक निघतील अशी शंका असल्यामुळें सांगतों.

आमचे चिरंजीव इयत्ता चौथींत आहेत. त्यांच्या वर्गाच्या पालकांचा व्हॉट्सअॅपवर एक ग्रुप आहे. गृहपाठ, सुटीच्या सूचना, सहलीची वर्गणी हें सर्व त्यावर येतें. एका रात्रीं नऊच्या सुमारास तेथें एका मुलीच्या गालाचा फोटो आला. गालावर नखाचा ओरखडा होता. मधल्या सुटींत नळापाशीं ढकलाढकली झाली, तींत वर्गांतल्या एका मुलाचें नख तिला लागलें होतें. मुलीच्या आईचा संताप आम्हांला समजला. बाईंना कळवावयाचें तें तिनें ग्रुपला कळविलें, एवढीच तिची चूक. पण पुढच्या अर्ध्या तासांत जें घडलें, त्यांत तिचा भाग थोडा होता. कोणीं तरी गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या फोटोंतून त्या मुलाचा चेहरा शोधून काढला, त्याभोंवतीं तांबडें वर्तुळ काढलें आणि तो सर्वांच्या माहितीसाठीं प्रसिद्ध केला. मग घरोघरचे जुने हिशेब निघाले. याच मुलानें एकाची पेन्सिल घेतली होती, दुसऱ्याच्या डब्यांतली पोळी पळविली होती. एका गृहस्थांनीं त्याचे आईबाप दिवसभर असतात तरी कोठें अशी चौकशी केली. एका बाईंनीं घरच्या वळणावर चार ओळी लिहिल्या. ‘संस्कार’ हा शब्द त्या रात्रीं अकरा वेळां आला.

आम्ही तोंपर्यंत गप्प होतों. परंतु लिहिण्याची खोड असलेल्या माणसाला भोंवतीं एवढें लिहिलें जात असतां स्वस्थ बसवत नाहीं. आम्हीं एकच वाक्य लिहिलें : “अशा मुलांची वेळींच व्यवस्था झाली पाहिजे.” वाक्य नेटकें होतें. त्यांत शिवी नव्हती, कोणाचें नांव नव्हतें. पांच मिनिटांत त्याखालीं बावीस अंगठे उमटले, आणि आम्ही समाधानानें निजलों.

चार दिवसांनीं पाऊस लागला होता, म्हणून चिरंजीवांना आणावयास आम्ही स्वतः शाळेंत गेलों. पायरीवर तो मुलगा एकटाच बसला होता. फोटोंतल्यापेक्षां तो पुष्कळच लहान दिसला. मांडीवर दप्तर घेतल्यावर त्याची हनुवटी दप्तरावर टेकत होती. आम्हांला पाहून तो उठला आणि म्हणाला, “काका, तुम्ही लिहितां ना? व्यवस्था म्हणजे काय हो?”

आम्हांला उत्तर सुचेना. बोलतां बोलतां उलगडा झाला. आईबाप दोघेही कामावर. घरीं आजी, आणि तिच्यापाशीं ठेवलेला एक मोबाईल. ज्या ग्रुपवर गृहपाठ येतो तोच हा ग्रुप. आजीला बारीक अक्षर दिसत नाहीं, म्हणून गृहपाठ हाच उतरून घेतो. त्या रात्रीनंतरचा गृहपाठ शोधतांना त्यानें मागचें सर्व वाचलें होतें. तांबडें वर्तुळ कोणाभोंवतीं आहे, तें त्यानें आजीला सांगितलें नव्हतें. बाकीचें सारें त्याला कळलें होतें. हा एकच शब्द अडला होता.

“व्यवस्था म्हणजे,” आम्ही म्हणालों, “नीट काळजी घेणें.”

“मग बरें,” तो म्हणाला, आणि पुन्हां पायरीवर बसला.

घरीं येतांच आम्हीं तें वाक्य पुसूं पाहिलें. आपलें लिहिणें सर्वांच्या मोबाईलवरून काढून टाकण्याची सोय व्हॉट्सअॅपनें लिहिणाराला दिली आहे. पण तिची मुदत दोन दिवसांहून थोडी अधिक. ती टळून गेली होती. आणि पुसलें असतें तरी ज्यानें वाचूं नये त्यानें तें वाचलेंच होतें.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं, आणि लहानपणचा वाडा आठवला. वाड्यांत लोकांच्या पोरांना रागावण्याचा अधिकार प्रत्येक वडीलधाऱ्या माणसाला होता, आणि तो सढळपणें वापरला जाई. गच्चीवरचे पापड तुडविले म्हणून शेजारच्या काकूंनीं आमचा कान असा पिळला होता कीं, पापड पाहिला म्हणजे अजून हात कानाकडे जातो. वाड्यांत पक्षपात नव्हते असें नाहीं. पण शिक्षेला एक अंत असे. मुलाचे डोळे भरून आले कीं धरणाराचा हात आपोआप सैल होई, आणि पुढें कधीं तरी त्याच पापडांतला एक तळलेला पापड त्याच हातून मिळे. रागावण्याचा अधिकार आम्हीं मोबाईलवर जसाच्या तसा आणला. भरून येणारे डोळे मात्र तेथें आले नाहींत. हात सैल केव्हां करावा हें मग सांगावें कोणीं? शिवाय एका काकूंच्या जागीं ऐंशी काका-काकू एकदम कान धरतात, आणि त्यांपैकीं प्रत्येकाला वाटतें कीं आपण नुसतें बोट लावलें.

कायदा या बाबतींत आमच्याहून अधिक मायाळू आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणें, ज्या मुलावर गुन्ह्याचा आरोप आहे त्याचेंही नांव, शाळा वा फोटो प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मोडणाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. म्हणजे त्या मुलानें खरोखरच कांहीं भयंकर केलें असतें, तर त्याचा चेहरा झांकला गेला असता. केवळ नख लागलें, म्हणून तो ऐंशी घरीं पोंचला.

आणि मुलानें कांहींच अपराध केला नसला तरी सुटका असते असेंही नाहीं. २०२४ सालीं उत्तर प्रदेश मंडळाच्या दहावीच्या परीक्षेंत एक मुलगी ६०० पैकीं ५९१ गुण मिळवून पहिली आली. तिचा फोटो सर्वत्र झळकला, आणि तिच्या गुणांऐवजीं तिच्या चेहऱ्यावरील केसांची चर्चा देशभर झाली. त्या थट्टेंत मुलींचे आईबाप कोणीच नव्हते, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांला होत नाहीं. ऑस्ट्रेलियांत १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या माध्यमांवर खातें ठेवण्यास बंदी झाली. मुलांच्या हातून मोबाईल काढून घ्यावा अशी चर्चा आपल्याकडेही घरोघर चालते. ती चर्चा बहुधा पालकांच्या मोबाईलवरच चालते.

ध्रुवाची गोष्ट आम्हीं चिरंजीवांना कैक वेळां सांगितली आहे. बापाच्या मांडीवर बसूं पाहणाऱ्या पोराला सुरुचीनें बोल लावून दूर केलें, हें सांगतांना आमचा गळा दाटून येई; आपण ध्रुवाच्या बाजूचे याविषयीं शंकाच नव्हती. पण सुरुची कांहीं राक्षसी नव्हती. तिला आपल्या उत्तमाचें बरें व्हावें असें वाटत होतें, इतकेंच. त्या रात्रींच्या ग्रुपवरही राक्षस कोणी नव्हतें. आम्ही सारे आपापल्या उत्तमाचे मायबाप होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं ग्रुपवर लिहिलें : “एका मुलाविषयीं आम्हीं येथें लिहिलें तें अयोग्य होतें. मुलें हें वाचतात.” बावीस अंगठ्यांपैकीं एकही या वेळीं उगवला नाहीं. तासाभरानें बाईंनीं गणिताचा गृहपाठ पाठविला, आणि आमचें वाक्य वर सरकून दिसेनासें झालें. फोन आला तो फक्त त्या मुलीच्या आईचा. ओरखडा केव्हांच बुजला होता, आणि तीं दोघें आतां एकाच बाकावर बसत होतीं. “मलाच तो फोटो टाकावयास नको होता,” असें म्हणून ती थोडा वेळ कांहीं बोलली नाहीं. आम्हीही बोललों नाहीं.

त्या मुलाला आम्हीं शब्दाचा खोटा अर्थ सांगितला होता. तो होईल तितका खरा करणें एवढेंच आतां हातीं उरलें. त्याच्या आईबापांना भेटून आम्हीं सर्व सांगितलें. तें सांगणें सोपें गेलें नाहीं, आणि त्यांनाही ऐकणें सोपें गेलें नाहीं. मंगळवारीं आजीला दवाखान्यांत जावें लागतें, म्हणून त्या दिवशीं शाळा सुटल्यावर तो आमच्याकडे येतो. परवां खेळतां खेळतां त्यानें आमच्या टेबलावरचा पाण्याचा पेला कागदांवर उपडा केला. आम्ही मोठ्यानें रागावलों. त्याचे डोळे भरून आले. मग आम्हींच फडकें आणलें, तिघांनीं मिळून कागद पुसले, आणि सौभाग्यवतींनीं पोह्यांच्या बशा पुढें ठेवल्या.